बारा वाघिणी

भुसावळात मे महिन्यात
दिवसा ओव्हन लावणारा माणूस वेडा.
बाहेर पंचेचाळीस, आत एकशे ऐंशी,
मधली पातळ भिंत म्हणजे मी.
म्हणून तीनला उठतो.
चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो,
तीन ही माझी जुनीच वेळ.

मोगरा रात्रीच लोण्यात पुरून ठेवलेला.
देठ आधी खुडायचे, एकेक.
हिरवं राहिलं तर लोण्याला गवताचा वास येतो,
हे कुणी सांगितलं नाही,
तीन घाणे फुकट गेले तेव्हा कळलं.
पहाटे लोणी कोमट करून गाळलं की
चाळणीत उरतात तपकिरी, मलूल फुलं,
डबल ड्यूटी करून आल्यासारखी.

लिंबं वरणगावच्या बाजारातली,
पाच रुपयाला एक, तेही गोटीएवढं.
किसणीवर हलक्या हाताने फिरवायचं.
पिवळं तेवढंच घ्यायचं,
पांढऱ्याला लागलात की सगळं कडू.
मी एकदा पांढऱ्याच्याही पुढे जाऊन
बोटाच्या पेरापर्यंत पोचलो होतो.

साचा मिसेस रेबेलोंचा.
क्वार्टर सोडून लेकीकडे निघाल्या तेव्हा
कुंपणावरून दिला,
म्हणाल्या, भिरूडसाहेब, ह्याला तारेची घासणी लावू नका.
दोन ओळी, सहा-सहा खळगे.
कागदाच्या वाट्या बसवल्या की
मला त्या वाघिणीच दिसतात.
पाऊण भरायच्या.
जास्त माल घातला तर रुळावर सांडतो.

मग वहीत: ०४.०७, सुटली.

हे सगळं हिरकणसाठी.
दोन वर्षांमागे ती तापातून उठली,
नाक कुठल्याशा मागच्या स्टेशनात राहून गेलं.
जी बाई ओट्यावर बसल्या बसल्या सांगायची,
वांगं फिरवा, डाव्या अंगाने भाजलं,
तिच्या हातात जळगावच्या डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्या:
गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी.
दिवसातून दोनदा हुंगायच्या आणि आठवायचं.
आठवडाभर हुंगल्या.
मग चारही मिसळणाच्या डब्यामागे सारून म्हणाली,
रिकाम्या घागरीत किती डोकावू?

मला वाटलं, बाटलीपेक्षा गरम काहीतरी हवं.

दर रविवारी तिचं मत वहीत जातं.
मोगऱ्याचा: निस्तं गोड.
लिंबाचा: निस्तं आंबट.
गुलाब आणि संत्र्याची साल: बराच वेळ चावून,
मऊ हाय.

आज बाराव्या मिनिटाला लाइट गेली.
दार उघडायचं नाही.
सिग्नल नसेल तर गाडी जिथे आहे तिथे.
नऊ मिनिटं अंधारात स्टुलावर बसलो,
शेजारी लिंबाची सालं, कोपऱ्यात डासांची अगरबत्ती.
लाइट आली, वेळ पुन्हा लावली,
आणि हिशेब चुकला,
किंवा डोळा लागला.
गार्डाने असं लिहू नये, पण लिहितो.

अंगणातल्या बाजेवरून आवाज आला,
"अहो, काई जयालं का?"

उठलो. दार उघडलं.
अकरा मधोमध खचलेल्या,
मागच्या कोपऱ्यातली बारावी काळी.

वळलो तर ती उंबऱ्यात उभी,
पदर नाकाला लावून.
पदर. नाकाला.

मी काही विचारलं नाही.
विचारलं तर परत जाईल असं वाटलं.
बारावी सुरीने सोडवली,
बशीत घालून तिच्यापुढे धरली.
तिने तोंड फिरवलं,
आणि मी बशी अजून थोडी पुढे केली.

०४.५१. एक वाघीण जळाली.
मोगऱ्याची अद्याप खबर नाही.